क्रोन्सवर गांजा : त्रास कमी झाला, दाहाचे काय?

ग्रहणी-अतिसारावर (आयुर्वेदातले जुनाट जुलाबाचे विकार) भांग, म्हणजे गांजाच्याच झाडाची पाने, देणे आपल्याकडे जुनेच. जातिफलादि चूर्णात ती आजही असते. पण क्रोन्सचे, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ दाह आणि व्रण होण्याच्या आजाराचे, वेगळा आजार म्हणून वर्णन झाले ते १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये. जुन्या ग्रंथांतली ग्रहणी म्हणजे क्रोन्सच, असे धरून भांगेची शिफारस करणे चूक आहे.

आजची चर्चा सुरू झाली इस्राएलमधून. १९६४ साली राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातले टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे १९८८ ते १९९३ या काळात हे द्रव्य शरीरात जिथे जोडले जाते ते ग्राही (रिसेप्टर) सापडले. सीबी-१ प्रामुख्याने मज्जातंतूंवर, सीबी-२ रोगप्रतिकारक पेशींवर, आणि आतड्यात दोन्ही. दाहावर इलाज मिळेल ही आशा इथूनच वाढली.

कफर सबाच्या मेईर रुग्णालयात टिम्ना नफ्ताली यांनी २०१३ मध्ये क्रोन्सच्या २१ रुग्णांवर चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना ८ आठवडे रोज दोन गांजाच्या सिगारेटी, बाकीच्यांना टीएचसी काढून टाकलेल्या फुलांच्या. गांजाच्या गटात ११ पैकी १० जणांचा सीडीएआय (क्रोन्सची तीव्रता मोजणारा गुणांक) १०० गुणांपेक्षा जास्त उतरला, दुसऱ्या गटात १० पैकी ४ जणांचा. सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्ततपासणी, मात्र फारसे हलले नाही.

मेख सीडीएआय कसा काढतात यातच आहे. रुग्ण सात दिवस रोज नोंद ठेवतो. 'एकंदर कसे वाटते' याला ० ते ४ गुण (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास), आठवड्याची बेरीज गुणिले ७. पोटदुखीला ० ते ३ गुण, बेरीज गुणिले ५. समजा, गांजामुळे रोज 'वाटणे' दोन पायऱ्यांनी सुधारले : १४ गुणिले ७, म्हणजे ९८. दुखणे रोज एका पायरीने कमी : ७ गुणिले ५, म्हणजे ३५. एकूण १३३ गुण उतरले आणि आतड्यातला व्रण जसाच्या तसा! शिवाय टीएचसीची नशा लपत नाही; आपल्याला खरे औषध मिळाले की खोटे, हे रुग्णाला कळून चुकते.

पुढच्या चाचण्यांतही दाह कमी झाल्याचे दिसले नाही. २०१७ मध्ये क्रोन्सच्या रुग्णांना दिवसातून दोनदा १० मिलिग्रॅम सीबीडी (गांजातले नशा न आणणारे द्रव्य) दिले, उपयोग झाला नाही. २०२१ मध्ये सीबीडी-टीएचसीच्या तेलाने रुग्णांना बरे वाटले, पण एंडोस्कोपीत आणि दाहाच्या तपासण्यांत फरक पडला नाही. आमच्या मते गांजाला फार तर लक्षणांवरचे औषध म्हणावे. वेदना, भूक, झोप यांत आराम मिळणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण बरे वाटतेय म्हणून दाह आवरणारी अझाथायोप्रिन किंवा बायोलॉजिक औषधे बंद केली, तर दाह आतल्या आत चालू राहतो आणि पुढे आतडे अरुंद होऊ शकते. कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातला दाह दाखवणारी शौचाची तपासणी) आणि कोलोनोस्कोपी वेळच्या वेळी व्हायलाच हवी.

क्रोन्समध्ये तंबाखूचा धूर आजार वाढवतो, त्यामुळे गांजात तंबाखू मिसळून ओढणे सर्वांत वाईट. सीबीडीने टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी वाढते, म्हणून सीबीडी घेत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. आणि वर्षानुवर्षे रोज गांजा घेणाऱ्याला वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर कारण आतड्यातला अडथळा आहे की गांजाच, हे स्कॅन करून ठरवावे लागते. गांजाची माहिती लपवली तर निदान चुकते.