थरथरत्या अणूंचा निश्चल आरसा

गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसवत पसरणाऱ्या तरंगांचा, विषय निघाला की एक आकडा हमखास कानावर पडतो. या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेची भुजा ४ किलोमीटर लांब, आणि लहर आल्यावर तिच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान. आपण थक्क होतो आणि पुढे वाचू लागतो. मला मात्र इथेच थांबावंसं वाटतं. भुजेच्या टोकाला असलेला आरसा शेवटी अणूंचाच ना? त्यातला प्रत्येक अणू उष्णतेनं सतत थरथरतोय आणि ती थरथर प्रोटॉनच्या हजारो पट मोठी आहे. मग अशा आरशाची जागा इतकी नेमकी कळते तरी कशी?

आधी यंत्राची ओळख थोडक्यात. एका लेझर किरणाचे दोन भाग करून ते काटकोनातल्या दोन भुजांत सोडतात. प्रत्येक भुजेत समोरासमोरच्या आरशांमध्ये प्रकाश सुमारे ३०० फेऱ्या मारतो, मग दोन्ही भाग पुन्हा एकत्र येतात. मांडणीच अशी केलेली असते, की परतलेल्या प्रकाशलाटांनी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकावं आणि बाहेर पडायच्या बाजूला अंधारच राहावा. गुरुत्वीय लहर एक भुजा किंचित ताणते, दुसरी आकसवते. लाटांचा मेळ चुकतो आणि अंधाऱ्या बाजूला प्रकाश झिरपतो.

आता अणूंकडे वळू. लेझरचा झोत आरशावर पडतो तेव्हा तो कित्येक सेंटिमीटर रुंद असतो. त्याखाली येणाऱ्या अणूंची गणतीच नाही. एक पुढे सरकतो तेव्हा दुसरा मागे. प्रकाशाला एकेकटा अणू दिसतच नाही, दिसते ती सगळ्यांची मिळून सरासरी, आणि ती विलक्षण स्थिर असते.

तरीही अख्खा आरसा उष्णतेमुळे कंप पावतोच, आणि त्यावरचा उपाय मला या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. ४० किलोचा हा आरसा अतिशुद्ध सिलिका काचेचा असून तो जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या चार काचतंतूंवर टांगलेला असतो. उत्तम काचेच्या पेल्यावर टिचकी मारली तर तो बराच वेळ एकाच सुरात घुमत राहतो. अंतर्गत घर्षण कमी असल्याची ती खूण. अशा पदार्थात उष्णतेची बहुतेक कंपनं ठरावीक सुरांपाशीच गोळा होतात आणि त्या सुरांच्या मधला पट्टा शांत राहतो. उष्णता नाहीशी होत नाही, ती वाटेतून बाजूला होते! लहरी ऐकायच्या त्या याच शांत पट्ट्यात. जमिनीचे हादरे आरशाच्या वर एकाखाली एक टांगलेल्या लोलकांच्या साखळीत विरून जातात.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या दोन ठिकाणांपैकी लिव्हिंगस्टनमधले आरसे अशाच एका लहरीनं हलले, आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी ३००० किलोमीटरवरच्या हॅनफर्डमधलेही. जेमतेम ०.२ सेकंदांचा, चढत्या सुराचा तोच आलेख दोन्हीकडे उमटला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकत्र आली होती आणि सूर्याच्या तिप्पट वस्तुमानाची ऊर्जा लहरींतून बाहेर पडली होती.

काच शांत झाली, तरी तिच्यावरचा प्रकाश परतवणारा लेप अजून तितका शांत नाही. सिलिका आणि टँटालम ऑक्साइड यांच्या त्या पातळ थरांत घर्षण जास्त, म्हणून तिथली थरथर ऐन शांत पट्ट्यातही उतरते. जपानच्या काग्रा वेधशाळेनं यासाठी नीलमण्याचे आरसे अतिथंड करण्याची वाट धरली आहे. दुसरीकडे शोध चालू आहे तो या लेपासाठी अधिक निवांत पदार्थाचा.