कक्षा-फळीवरील खुणा कशा वाचाव्यात

दादरच्या आमच्या छोट्या कार्यशाळेत तयार होणारी कक्षा-फळी, म्हणजे खिळे व दोऱ्याने ग्रहांच्या कक्षा काढण्याची फळी, घरी नेल्यावर बहुतेक पालक एकच शंका विचारतात: ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात असे मुले शाळेत शिकतात, मग या फळीवर पृथ्वीची कक्षा वर्तुळासारखी का उमटते? फळी कापण्यात चूक झालेली नाही. पृथ्वीची कक्षा खरोखरच इतकी गोल आहे, आणि बऱ्याच चित्रांत ती अंड्यासारखी ताणून दाखवल्यामुळे आपल्या मनात चुकीचा आकार बसलेला असतो.

संचातील प्रत्येक कक्षा ३० सेंमी लांबीची होईल अशा बेताने खिळ्यांची भोके पाडलेली आहेत. दोन खिळ्यांभोवती दोऱ्याचा फास टाकून तो पेन्सिलीने ताणून धरत फिरवला की लंबवर्तुळ तयार होते. ते दोन खिळे म्हणजे त्याच्या नाभी, आणि त्यांपैकी पितळी खिळ्याच्या जागी सूर्य आहे असे समजावे. पृथ्वीच्या कक्षेची रुंदी लांबीपेक्षा जेमतेम ०.०४ मिमी कमी भरते, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. परंतु सूर्य मात्र केंद्रापासून अडीच मिलिमीटर बाजूला असतो, आणि हे अंतर पट्टीने सहज मोजता येते. मंगळाच्या बाबतीत तेच अंतर १४ मिमी होते. टायको ब्राहे यांनी घेतलेल्या मंगळाच्या वेधांवरून योहान्नेस केप्लर यांना कक्षेचा खरा आकार उलगडला आणि १६०९ मध्ये त्यांनी ग्रहगतीचे आपले पहिले दोन नियम प्रसिद्ध केले. आमच्या मते आकारापेक्षा सूर्याचे हे एका बाजूला असणे मुलांना आधी दाखवावे, कारण ग्रहाचा वेग कमी-जास्त का होतो हे त्यावरूनच कळते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७१ कोटी किमीवर असते, तर जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटी किमीवर. जवळ असताना तिचा वेग सेकंदाला ३०.३ किमी असतो आणि दूर असताना २९.३ किमी. मुंबईत त्याच जानेवारीत गारवा असतो, कारण ऋतू पृथ्वीच्या आसाच्या कलामुळे होतात, सूर्यापासूनच्या अंतरामुळे नव्हे. वेगातील हा लहानसा फरक आपल्या पंचांगातही उतरलेला आहे: उन्हाळ्या-पावसाळ्यात एक रास ओलांडायला सूर्याला ३१ दिवसांहून अधिक लागतात, म्हणून संक्रांत नसलेला चांद्रमास, अर्थात अधिक मास, बहुधा त्याच काळात येतो. २०२० चा आश्विन, २०२३ चा श्रावण आणि २०२६ चा ज्येष्ठ ही अलीकडची उदाहरणे आहेत. मार्गशीर्ष-पौषात पृथ्वी घाईत असल्यामुळे तसे घडत नाही.

ज्याची कक्षा खरोखर लांबट आहे असा संचातील एकच पाहुणा म्हणजे हॅलेचा धूमकेतू. त्याची कक्षा ३० सेंमी लांब असूनही साडेसात सेंमीच रुंद होते आणि सूर्य तिच्या टोकापासून केवळ ५ मिमी आत येतो. या कक्षेवर आम्ही दर दोन वर्षांची एक, अशा ३८ खुणा केल्या आहेत. दूरच्या टोकाला लगतच्या दोन खुणांमध्ये जेमतेम ३ मिमी अंतर आहे, तर सूर्याजवळ तेच ७ सेंमी होते. धूमकेतूला कोणी ढकलत नाही किंवा अडवतही नाही. तो सूर्याकडे पडत येतो, पडता पडता वेग घेतो, पण त्याच्या आडव्या गतीमुळे सूर्यावर न आदळता बाजूने निसटतो, आणि पुढे दूर जाताना सूर्याची ओढ त्याचा वेग काढून घेते. त्याचे पुच्छ नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, त्यामुळे परतीच्या वाटेवर ते त्याच्या पुढे चालते.

मुंबईच्या दमट हवेत सुती दोऱ्याची लांबी बदलू शकते आणि तिच्यासोबत कक्षाही, म्हणून पावसाळ्यात दोऱ्याची लांबी सोबतच्या पट्टीवर ताडून घ्यावी. हॅलेच्या कक्षेसाठी ही काळजी विशेष आवश्यक आहे.

दूरच्या टोकाचा लाल ठिपका डिसेंबर २०२३ मधील हॅलेची जागा दाखवतो. तेथून तो परत निघालेला आहे. एकोणीस खुणा मोजल्या की जुलै २०६१ येतो, आणि त्यांतली शेवटची झेपच ७ सेंमीची आहे.