लघवीत जंतू सापडले, म्हणजे इन्फेक्शन झालं का?

महिनाभर लघवीची नळी (कॅथेटर) असलेल्या पेशंटच्या लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवलं, तर जंतू जवळपास हमखास सापडतात. नळी आत असलेल्या दर दिवसाला ते शिरण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के असते. रिपोर्टमध्ये ‘ई. कोलाय, एक लाखाहून जास्त’ (जंतूचं नाव आणि एका मिलिलिटरमधली त्याची संख्या) असं वाचून घरचे घाबरतात आणि अँटिबायोटिक सुरू होतं. पुष्कळदा उगाचच.

नुसते जंतू असतात तेव्हा ते नळीच्या भिंतीवर चिकट थर करून राहतात आणि पेशंटला त्याचा पत्ताही नसतो. इन्फेक्शन झालं की शरीर बोलतं: ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, हुडहुडी, कुशीत किंवा ओटीपोटात दुखणं, दुसरं काही कारण नसताना अचानक असंबद्ध बोलणं. मणक्याला इजा झालेल्यांना दुखणं जाणवत नाही. त्यांच्यात पायांचा ताठरपणा वाढणं, दरदरून घाम येणं, बीपी एकदम चढणं यांकडे बघावं लागतं.

गढूळ लघवी आणि उग्र वास यांवरून काहीच ठरत नाही. काहींची लघवी साठायची पिशवी चक्क जांभळी होते. दिसायला भयंकर, पण ताप वगैरे नसेल तर तेवढ्यावरून औषध लागत नाही. पस सेल्स (लघवीतल्या पांढऱ्या पेशी) नुसते जंतू असताना आणि इन्फेक्शन असताना, दोन्हीकडे दिसतात, कारण नळीच्या घर्षणानेसुद्धा त्या वाढतात. उलट, ताप आहे आणि पस सेल्स अजिबात नाहीत, तर तापाचं कारण दुसरीकडे शोधावं.

सॅम्पल कुठून घेतलं हेही विचारा. पिशवीतल्या लघवीचं कल्चर कुचकामी. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर आधी ती बदलायची आणि नव्या नळीतून लघवी घ्यायची. नाहीतर रिपोर्टमध्ये जुन्या थरातले जंतूच उगवतात.

त्रास नसेल तर उपचार नको, अपवाद गरोदरपणाचा आणि मूत्रमार्गात रक्तस्राव होऊ शकेल अशा शस्त्रक्रियेचा. थरातल्या जंतूंना औषध नीट भिडत नाही, आणि त्यातून उरतात ते औषधाला न जुमानणारे. खरं इन्फेक्शन असेल आणि ताप लवकर उतरला, तर सहसा ७ दिवसांचा कोर्स पुरतो. उशीर लागला तर १० ते १४. त्यानंतर पेशंट बरा असेल तर खात्रीसाठी म्हणून पुन्हा कल्चर करू नये. जंतू परत दिसतीलच.