घरच्या राउटरमध्ये व्हीलॅन आला कुठून?

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर चालणारी खुली प्रणाली) चढवलं की ‘बीआर-लॅन’ नावाचा ब्रिज, म्हणजे जाळ्याचे तुकडे जोडणारा पूल, आयताच तयार असतो. जुन्या राउटरवर त्याच्या जोडीला दोन व्हीलॅनही (एकाच जाळ्यातली आभासी वेगळी जाळी) दिसत. आपण तर काहीच केलेलं नाही, मग हे मांडलं कोणी? नवशिके इथेच ‘नको ते’ पुसतात आणि राउटर हाताबाहेर जातो.

यात ब्रिज थोरला. इथरनेटचे (वायरवरच्या जाळ्याचे) वेगवेगळे तुकडे जोडायला तो १९८०च्या दशकात आला. कोणतं यंत्र कोणत्या बाजूला आहे हे तो फ्रेमवरचे (डेटाच्या पाकिटावरचे) पत्ते वाचून लक्षात ठेवतो. ब्रिज गोलात जोडले गेले तर फ्रेम फिरतच राहते. त्यावरचा स्पॅनिंग ट्री (जादा वाटा बंद ठेवणं) हा तोडगा रेडिया पर्लमन यांचा, १९८५चा. व्हीलॅनचं काम नेमकं उलटं: एकाच स्विचचे (वायरी एकत्र जोडणाऱ्या यंत्राचे) अनेक स्विच करायचे. त्याचं ८०२.१क्यू हे मानक १९९८मध्ये आलं. फ्रेमला ४ बाइटचा टॅग लागतो, त्यात १२ बिटांचा क्रमांक, म्हणून वापरता येतील असे ४०९४ व्हीलॅन. चार खोल्यांच्या घराला त्यांचं काय काम?

घरात व्हीलॅन शिरला काटकसरीपायी. सुरक्षितता वगैरे नंतरच्या गोष्टी. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. मागे पाच पोर्ट: चार घरासाठी, एक इंटरनेटसाठी. लवकरच आलेल्या आवृत्त्यांत हे पाचही पोर्ट एकाच स्विच चिपवर होते आणि प्रोसेसरकडे जाणारी वाट एकच. चिपच्या लेखी घर आणि इंटरनेट यांत फरकच नाही! तो व्हीलॅनने केला. व्हीलॅन०मध्ये घरचे चार, व्हीलॅन१मध्ये इंटरनेटचा, आणि प्रोसेसरकडचा पोर्ट दोन्हींत. वायफायचा रेडिओ या चिपबाहेर, म्हणून तो आणि व्हीलॅन० यांना ‘बीआर०’ या ब्रिजमध्ये एकत्र बांधलं. वायरवरचा संगणक आणि वायफायवरचा लॅपटॉप एकमेकांना दिसतात ते या ब्रिजमुळे.

या राउटरच्या आत लिनक्स ही खुल्या कोडची प्रणाली आहे हे २००३मध्ये उघड झालं, तिच्या परवान्यामुळे लिंक्सिसला कोड खुला करावा लागला आणि २००४मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. तेव्हा सेटिंगमध्ये ‘व्हीलॅन०पोर्ट्स’ अशी ओळ पोर्टांच्या आकड्यांनी भरावी लागे. चिपमधले आकडे आणि डब्यावर छापलेले आकडे जुळतीलच असं नाही. आवृत्ती बदलली की क्रमही उलटा. हे सोसलेली मंडळी अजूनही आधी एकच पोर्ट बदलून बघतात.

वायफायचं गणित मात्र वेगळं. हवेतून व्हीलॅनचा टॅग सहसा जात नाही. एसएसआयडीच (वायफायचं नाव) त्याचं काम करतं. पाहुण्यांचं वेगळं नाव, त्याचा वेगळा ब्रिज, पुढे वायरवर वेगळा व्हीलॅन. दुसऱ्याच्या वायफायला क्लायंट म्हणून जोडलेला राउटर सरळ ब्रिजमध्ये घातला तर मागची यंत्रं अडकतात, कारण नेहमीच्या वायफाय फ्रेममध्ये तीनच पत्त्यांची सोय असते. डब्ल्यूडीएस ही राउटर वायफायने जोडायची पद्धत चौथा पत्ता वापरते.

पुढे लिनक्समध्ये डीएसए ही स्विच चिप हाताळायची रचना आली आणि चिपचा प्रत्येक पोर्ट ‘लॅन१’, ‘लॅन२’, ‘वॅन’ अशा स्वतंत्र नावाने दिसू लागला. हा कोड २००८चा, लेनर्ट बॉयटेनहेक यांचा. लिनक्सचा मूळ ब्रिजही त्यांचाच. ओपनडब्ल्यूआरटीने २०२१च्या २१.०२ आवृत्तीत बऱ्याच राउटरांना डीएसएवर नेलं, सगळ्यांना नाही. त्यामुळे जुनं मार्गदर्शन वाचून सेटिंगमधलं ‘स्विच’ नावाचं पान शोधणाऱ्याला ते एका राउटरवर सापडतं आणि शेजारच्या राउटरवर नसतंच. तिथे व्हीलॅन ब्रिजच्याच पानावर भरायचे असतात.