आकाशातलं भोक ते धुळीची कडी

वृश्चिक राशीचा भाग न्याहाळताना खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांना एका पट्ट्यात ताराच दिसेना. 1785 साली त्यांनी ते आकाशातलं भोक म्हणून नोंदवलं. तिथे मागचे तारे झाकणारा ढग आहे, हे पटायला शतकाहून जास्त काळ गेला. खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड यांनी 1919 मध्ये अशा 182 काळ्या डागांची यादी छापली. 1930 मध्ये त्यांच्याच क्षेत्रातल्या ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांची अंतरं ताडून पाहिली आणि ताऱ्यांमधल्या जागेत प्रकाश अडवणारी धूळ पसरलेली आहे, हे पक्कं झालं. तोवर धूळ म्हणजे निव्वळ अडथळा.

पण ही धूळ स्वतःही प्रारण सोडते. तारे जन्मतात त्या दाट ढगांत तिचं तापमान जेमतेम 10 ते 20 केल्विन (शून्याखाली अडीचशेहून जास्त अंश सेल्सियस), त्यामुळे ते प्रारण दूर-अवरक्त आणि मिलिमीटर लहरींत येतं. मिलिमीटर लहरी ढगातून बहुतेक आरपार येत असल्याने त्यावरून धुळीचं वस्तुमान काढता येतं आणि वायू धुळीच्या शंभरपट धरून शंभरने गुणलं की ढगातल्या वायूचं. (हा शंभर आकडा गृहीत धरलेला असतो, हे वाचताना सहज निसटतं.)

अडलं ते बारकाव्यापाशी. 1 मिलिमीटर तरंगलांबीला रेडिओ दुर्बिणीच्या 12 मीटरच्या एकट्या तबकडीला साधारण 20 कोनीय सेकंदांपेक्षा (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) बारीक काही दिसत नाही. वृषभ राशीतल्या 450 प्रकाशवर्षांवरच्या ढगात तेवढ्यात नेपच्यूनच्या चाळीसेक कक्षा शेजारी शेजारी मावतील! उपाय रेडिओ खगोलशास्त्राकडे होता: दूर ठेवलेल्या तबकड्यांचे संकेत जुळवायचे. ते तंत्र घडवणाऱ्या मार्टिन राइल यांना 1974 चं नोबेल मिळालं. मिलिमीटरला मात्र हवेतली वाफ लहरींची जुळणी बिघडवते. तरीही 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीत मोजक्या तबकड्यांनी एचएल टॉरी या तरुण ताऱ्याभोवतीचं द्रव्य टिपलं.

वाफ टाळण्यासाठीच 'आल्मा' ही जोडलेल्या तबकड्यांची दुर्बीण चिलीत 5000 मीटर उंचीवरच्या चाहनांतोर पठारावर उभारली गेली. 66 अँटेना, त्यांतले दूरचे एकमेकांपासून 16 किलोमीटरपर्यंत; त्या हलवायला 28 चाकांची दोन वाहनं, ओटो आणि लोरे. व्यतिकरणमापीला, म्हणजे अशा जोडलेल्या तबकड्यांच्या दुर्बिणीला, पसरट, धूसर ढग नीट दिसत नाही, म्हणून 7 मीटरच्या 12 लहान अँटेना दाटीने मांडल्या आहेत.

2014 मध्ये आल्माने पुन्हा एचएल टॉरीच पाहिला. वय दहा लाख वर्षांच्या आसपास, म्हणून ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची सपाट, एकसंध चकती अपेक्षित होती. दिसली एकात एक कडी आणि मधल्या काळ्या फटी. त्या ग्रहांनी कोरल्या की आणखी कशाने, यावर वाद चालूच आहे.