लिनक्स टाकताना पार्टिशनवर अडलात तर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. विंडोज ११ न चालणारा लॅपटॉप म्हणून भंगारात घालायची गरज नाही. होमस्टेचं बुकिंग, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, मुलांचा अभ्यास हे सगळं उबंटू किंवा लिनक्स मिंट या विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर नीट चालतं. गाडी अडते ती इन्स्टॉल करताना, पार्टिशनच्या म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या पानावर. तिथे कंटाळून ‘इरेझ डिस्क’ दाबू नका. तो पर्याय फक्त सी नव्हे, अख्खी डिस्क पुसतो. डी ड्राइव्हमधले लग्नाचे फोटोही त्यातच गेले.

आधी विंडोजमध्ये दोन नोंदी करा

स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा आणि ‘बायोस मोड’समोर यूईएफआय (मशीन सुरू व्हायची नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी) ते लिहून घ्या. मग डिस्क मॅनेजमेंट उघडून ‘डिस्क ०’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, तिथे पार्टिशन स्टाइल दिसेल, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची पद्धत : नवी जीपीटी किंवा जुनी एमबीआर. विंडोजपुरती यूईएफआयची जोडी जीपीटीशी आणि लेगसीची एमबीआरशी. बूट मेनूत (मशीन कशावरून सुरू करायचं त्या यादीत) लिनक्सचा एकच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो, एकदा ‘यूईएफआय’ लिहिलेला आणि एकदा नुसता. विंडोजचा जो मोड, तीच ओळ निवडा. इथे चूक झाली तर लिनक्स बसतंही, पण सुरुवातीच्या यादीतून विंडोज उघडत नाही.

जागा रिकामी आहे, तरी ‘अनयूजेबल’

विंडोज ७च्या काळातल्या मशीनवर हे हमखास भेटतं. एमबीआर पद्धतीत प्रायमरी पार्टिशन ४च मावतात. सिस्टिम रिझर्व्ड, सी, डी आणि कंपनीचं रिकव्हरी, झाले चार. आता सी आखडून ६० जीबी मोकळी केलीत तरी तिला नोंदायला तक्त्यात ओळच शिल्लक नाही, म्हणून इन्स्टॉलर ती घेत नाही.

उपाय असा. डीमधला सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दोनचार फायली तिथून उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. मग डी काढून टाका. त्या जागी जीपार्टेड या लिनक्समधल्या पार्टिशनच्या प्रोग्रॅममध्ये एक एक्स्टेंडेड पार्टिशन करा आणि त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशनं पाडा : लिनक्सच्या रूटसाठी (मुख्य पार्टिशनसाठी) ४० जीबी, उरलेल्यात नवा डी. लिनक्सला लॉजिकलवरून बूट व्हायला काही अडचण नसते. बूटलोडरची (मशीन सुरू होताना सिस्टिम उघडून देणाऱ्या प्रोग्रॅमची) जागा विचारली की पूर्ण डिस्क निवडा, म्हणजे ‘एसडीए’, ‘एसडीए५’ नव्हे.

यातली एक खोडी लक्षात ठेवा. पाचवं पार्टिशन करायला गेलात की विंडोज स्वतःहून ‘डायनॅमिक डिस्क करू का’ असं विचारतं. नाही म्हणा. हो म्हटलंत तर लिनक्सचा इन्स्टॉलर त्या डिस्कवर अडतो आणि मागे फिरायचा सरळ रस्ता म्हणजे सगळं पुसणं.

डिस्कच दिसत नाही

नव्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह दिसतो आणि आतली एसएसडी गायब, तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’वर असण्याची शक्यता मोठी. ते ‘एएचसीआय’ करावं लागतं, पण थेट नाही. थेट बदललंत तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबतं. आधी विंडोजच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये ‘सेफ बूट’वर टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये बदल करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग टिक काढा. खात्याचा पासवर्ड पाठ असू द्या. नुसत्या पिनवर विसंबू नका.

हे करण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर या बदलानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय हे घरात कुणालाच आठवत नाही. आमच्या मते बिटलॉकर पूर्ण बंद करूनच पुढे जावं. डिस्क मोठी असेल तर त्याला काही तास लागतात.

सी ड्राइव्ह लिनक्समधून फक्त वाचता येतो

कारण फास्ट स्टार्टअप. तो चालू असताना ‘शट डाउन’ केलेलं विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. म्हणून लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देतं. जबरदस्तीने लिहू नका. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये तो कायमचा बंद करा. घाईत असाल तर विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करा, त्यात ही झोप नसते.

जीपीटीवर हाताने पार्टिशन पाडत असाल तर

नवं ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवायचं) करायची गरज नाही. विंडोजचं साधारण १०० एमबीचं फॅट३२ पार्टिशन आधीच असतं. तेच निवडा, पण ‘फॉर्मॅट’ची टिक लावू नका, नाहीतर विंडोजचा बूटलोडर पुसला जाईल. ‘नो रूट फाइल सिस्टिम’ असा संदेश आला तर एवढंच राहिलंय की एका पार्टिशनला ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम आणि माउंट पॉइंट (लिनक्समधला त्याचा पत्ता) म्हणून एकटी तिरकी रेघ (/) द्यायची आहे.

लाइट आणि खारा वारा

पार्टिशन उजवीकडून आखडणं तसं झटपट होतं. पण त्याची सुरुवात सरकवली की आतला सगळा डेटा नव्या जागी कॉपी होतो; २०० जीबीला जुन्या हार्ड डिस्कवर काही तास सहज जातात. त्यात लाइट गेली तर डेटा अर्धा इकडे, अर्धा तिकडे. घरचा छोटा यूपीएस डेस्कटॉपला काही मिनिटंच ओढतो, तेव्हा मिरगापासून गणपतीपर्यंत हे काम डेस्कटॉपवर करूच नका. डेटा बाहेर काढून पार्टिशन नव्याने पाडणं परवडतं.

कधीकधी पार्टिशनचा दोषच नसतो. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत साटा केबलच्या पिनांवर गंज चढतो आणि इन्स्टॉलर मध्येच ‘इनपुट आउटपुट एरर’ देतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या) ‘डिस्क्स’ उघडा, स्मार्ट डेटा म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद बघा. ‘यूडीएमए सीआरसी एरर’चा आकडा वाढत असेल तर आधी केबल बदला. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर असेल तर पार्टिशनला हात न लावता आधी डेटा काढा, मग डिस्क बदला.

दुकानात आणताना

लॅपटॉपबरोबर चार्जर, विंडोजचा पासवर्ड, बिटलॉकरची की आणि मोकळी जागा असलेली बाहेरची डिस्क आणा. संदेश आला त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि त्यानंतर मशीनवर काही करू नका. चुकून पार्टिशन उडालं असेल तर मशीन लगेच बंद करा : वर नवं काही लिहिलं गेलं नसेल तोवर टेस्टडिस्क या प्रोग्रॅमने ते परत मिळण्याची आशा असते.