थाई लोकांचा राजकीय इतिहास

थाई लोकांचा राजकीय इतिहास : दक्षिण चीन ते आग्नेय आशिया या पट्ट्यात पसरलेल्या ताई भाषिकांपैकी, आजच्या थायलंडमध्ये राज्ये उभारणाऱ्या समाजाचा इतिहास. लाओ व शान हे त्यांचे भाऊबंद. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

चीनच्या युनान प्रांतातील नान्‌चाव हे थाईंचे मूळ राज्य आणि १२५३ मधील मंगोल स्वारीने थाई दक्षिणेकडे लोटले गेले, ही उपपत्ती दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत होती. आता ती मागे पडली आहे. नान्‌चावच्या राजांत बापाच्या नावाचे शेवटचे अक्षर मुलाच्या नावाच्या आरंभी येते. ही रीत तिबेटी-ब्रह्मी भाषिकांची, थाईंची नव्हे. शिवाय ताई बोलींचे सर्वाधिक वैविध्य दक्षिण चीनमधील क्वांगशी व उत्तर व्हिएतनाम यांच्या सीमाभागात आढळते. मूलस्थान तेथे मानणे अधिक सयुक्तिक. भातशेतीजोगी खोरी धरत हे लोक काही शतके सरकत आले असावेत.

सु. १२३८ मध्ये कंबोडियाच्या ख्मेर राजांचा अंमल झुगारून सुखोथाईचे राज्य उभे राहिले. त्याचा मुख्य पुरावा म्हणजे राजा रामखामहेंग (कार. सु. १२७९–९८) याचा शिलालेख. सु. १.१ मी. उंचीचा हा चौपहलू स्तंभ १८३३ मध्ये, तेव्हा भिक्षू असलेल्या राजपुत्र मोंगकुट यांना मिळाला. आता तो बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यातील कालगणना मराठी वाचकाच्या ओळखीची आहे : शके १२०५ मध्ये (इ. स. १२८३) राजाने ही लिपी सिद्ध केली, असे तो सांगतो. मायकेल व्हिकरी, पिरिया क्रैरिक्ष या अभ्यासकांनी १९८० नंतर त्याच्या अस्सलपणावर शंका घेतली. थाईत देवनागरीप्रमाणेच काही स्वरचिन्हे अक्षराच्या वर, काही खाली जातात; या लेखात मात्र सगळी व्यंजनांच्याच ओळीत आहेत आणि नंतरचे सुखोथाई लेख पुन्हा वर-खालच्या पद्धतीकडे वळतात. उलट बाजूने दगडाच्या झिजेचा दाखला दिला जातो. लेख अस्सल मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही वेशीवरची घंटा वाजवताच राजा फिर्याद ऐके, वाटेवर प्रजेकडून जकात घेत नसे, हे वर्णन प्रशस्ती म्हणूनच वाचावे.

अयुथ्याच्या राज्यात (१३५१–१७६७) त्रैलोकनाथाने (कार. १४४८–८८) ‘शक्तिना’ व्यवस्था बांधली. प्रत्येकाचा दर्जा ‘राइ’मध्ये मोजत, १ राइ म्हणजे १,६०० चौ. मी., जवळजवळ १६ गुंठे. दासाला ५, सामान्य रयतेला २५, उपराजाला १,००,०००. ही प्रत्यक्ष जमीन होती की नुसता दर्जा, यावर वाद आहे; दुसरा पक्ष बळकट दिसतो, कारण जमीन मुबलक होती, तुटवडा माणसांचा होता. लढाईतली मोठी लूटही कैदी हीच असे. व्यवस्थेचे दुखणे वेठीत होते : राजाची वेठ जड पडल्याने रयत सरदारांच्या आश्रयाला जाई आणि ऐन लढाईत राजाला माणसे कमी पडत. १७६७ च्या ब्रह्मी विजयामागे हेही कारण दाखवले जाते.

राजा ताक्सिनचे थोनबुरीचे राज्य (१७६७–८२) अल्पजीवी ठरले. १७८२ पासून चक्री घराणे बँकॉकला आहे. ब्रिटनशी झालेल्या १८५५ च्या बाउरिंग तहाने आयात जकात ३ टक्क्यांवर बांधली गेली. राजा चुलालोंगकोर्न यांनी १८७२ मध्ये मुंबईसह भारतातील ब्रिटिश कारभार पाहिला, १८९२ मध्ये खातेवार मंत्रालये नेमली; मात्र १८९३ ते १९०९ दरम्यान मेकाँगपलीकडचा व मलायाकडील मोठा मुलूख फ्रान्स व ब्रिटनला द्यावा लागला.

२४ जून १९३२ रोजी निरंकुश राजसत्ता संपली. बँकॉकच्या लोकशाही स्मारकात ही तारीखच उभी आहे : २४ मी. उंचीचे चार पंख, भोवती ७५ तोफा (बौद्ध सन २४७५), मध्ये ३ मी. चा भाग, कारण वर्ष तेव्हा एप्रिलपासून धरत व जून तिसरा महिना होता. पुढे संविधाने आणि लष्करी उठाव आलटून पालटून येत राहिले. शेवटचा उठाव २२ मे २०१४ चा, सध्याचे संविधान २०१७ चे. दंडसंहितेच्या कलम ११२ नुसार राजाच्या अवमानाला ३ ते १५ वर्षे कैद आहे. प्रवाशांनाही ते लागू होते.

शिलापट्टांवरील बौद्ध सनातून ५४३ वजा केल्यास इसवी सन मिळतो. १८८९ ते १९४० दरम्यानच्या जानेवारी–मार्चच्या तारखांत मात्र ५४२ वजा करावेत, नाहीतर वर्ष एकाने चुकते. वर्षारंभ १ जानेवारीवर आणताना २४८३ हे वर्ष नऊच महिन्यांचे करण्यात आले.